संध्याकाळच्या रिपोर्टवर कानांचा निकाल लावू नका

वाचकाचं पत्र: माझं वय ४७. एकोणीस वर्षं लाकडी फर्निचरचं वर्कशॉप चालवतोय. कटर, राउटर, रंधा मशीन रोज चालू असतात, पॉलिशची फवारणीही त्याच जागेत. कानात कापसाचा बोळा घालतो. वर्षभरापासून रात्री दोन्ही कानांत बारीक 'कुंई' आवाज येतो. बायको नि मुलगी बोलल्या की अर्धं कळतं, अर्धं नाही. मोठ्याने बोला म्हटलं तर त्या ओरडतायत असं वाटून चिडचिड होते. एका संध्याकाळी काम संपवून कान तपासून आलो, रिपोर्ट सोबत जोडलाय. तिथे सांगितलं, "हेअर सेल्स गेल्यात, त्या परत येत नाहीत, मशीन लावा." मेहुणा म्हणतो, स्टेम सेलचं इंजेक्शन निघालंय, जरा थांब. कुणी म्हणतं, मशीन लावलं की उरलेलं ऐकणंही जातं. नेमकं काय करू? धंदा बंद करणं परवडणार नाही.

नमस्कार,

तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची नोंद आलेखात नाही, वरच्या कोपऱ्यात आहे. तपासणीची वेळ: संध्याकाळी ६.४०. दिवसभर कटरपाशी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकणं त्या संध्याकाळपुरतं खाली गेलेलं असतं, आणि ही तात्पुरती तूट भरून यायला साधारण १६ ते ४८ तास लागतात. म्हणजे तुमच्या आलेखातला खड्डा काही अंशी कायमचा आहे आणि काही अंशी त्या दिवसाचा. कुठला किती, हे या कागदावरून कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून श्रवणयंत्राची चौकशी करण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या. त्याआधी किमान १४ तास मोठा आवाज कानावर पडू द्यायचा नाही. दोन दिवस वर्कशॉप बंद ठेवून तिसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर उत्तमच. जाण्याआधी कानातला मळ बघून घ्या. ३००० आणि ६००० हर्ट्झ हे बिंदू पुन्हाही मोजायला सांगा, कारण घाईत ते गाळले जातात आणि तुमची खरी गोष्ट तिथेच आहे.

ती तपासणी होईपर्यंत हातात आहेत त्या आकड्यांवर बोलू. प्रत्येक आकडा म्हणजे त्या स्वराचा तुम्हाला जेमतेम ऐकू आलेला सगळ्यात हळू आवाज, आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. उजवा कान २५० ते १००० हर्ट्झपर्यंत १० ते १५ डेसिबलवर, २००० ला २५, ३००० ला ४५, ४००० ला ६०, ६००० ला ५० आणि ८००० ला पुन्हा ३०. डावा प्रत्येक ठिकाणी फार तर ५ डेसिबलने मागे. हाडावाटे दिलेल्या आवाजाचे आकडेही तेच, म्हणजे पडदा आणि मधल्या कानातली हाडं ठीक आहेत, दोष आतल्या कानात आहे. ४००० ला खोल खड्डा आणि ८००० ला चढ, ही आवाजाने झालेल्या इजेची खूण. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आलेख ८००० कडे उतरतच जातो, शेवटी वर येत नाही. दोन्ही कान जवळपास सारखे आहेत हेही बरं. एकच कान लगतच्या दोन-तीन बिंदूंवर १५ डेसिबल किंवा त्याहून मागे असता, तर आम्ही तुम्हाला श्रवणतंतूवरची गाठ नाही ना हे बघायला आधी एमआरआयला पाठवलं असतं.

रिपोर्टखाली 'सौम्य' असा शेरा आहे. तो चूक नाही, पण दिशाभूल करणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत बऱ्या कानाची ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी घेतात. तुमच्या उजव्या कानाची ती २७.५ येते, आणि २० ते ३५ म्हणजे सौम्य. जुन्या पद्धतीने पहिल्या तीनच बिंदूंची सरासरी काढली तर ती १७ च्या आत येते आणि तुम्ही चक्क 'नॉर्मल' ठरता. सरासरीत खड्डा बुजून जातो. तुमची अडचण मात्र त्या खड्ड्यातच आहे.

आता ज्या हेअर सेल्स, म्हणजे केशपेशी, 'गेल्या' असं तुम्हाला सांगितलं, त्यांच्याबद्दल. आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, कॉक्लिया. उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबीभर एका ओळीत सुमारे साडेतीन हजार आंतर केशपेशी आणि तीन ओळींत सुमारे बारा हजार बाह्य केशपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर ताठ, उंचीनुसार रांगेत लागलेल्या सूक्ष्म रोमांचा झुबका असतो. आखूड रोमाच्या टोकापासून शेजारच्या उंच रोमापर्यंत एक अतिसूक्ष्म धागा ताणलेला असतो. आवाजाने झुबका उंच रोमांच्या बाजूला कलला की धागा ताणला जातो आणि त्याच्या टोकाशी असलेली वाहिनी उघडते, दोरी ओढून कडी काढावी तशी. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम आत शिरतं. तो द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धन आणि पेशी आतून ऋण, म्हणून हा प्रवाह क्षणात घडतो. अगदी हळू आवाजाला हा झुबका नॅनोमीटरच्याही अंशाने हलतो, तेवढं पुरतं.

दोन्ही प्रकारच्या पेशींची कामं वेगळी आहेत, आणि तुमच्या तक्रारी समजायला हाच फरक लागतो. मेंदूला खबर देतात त्या आंतर केशपेशी. श्रवणतंतूच्या सुमारे ९५ टक्के शाखा त्यांच्यापाशीच येतात. बाह्य पेशी खबर फारशी देत नाहीत. त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखूड-लांब होतात आणि हळू आवाज आतल्या आत ४० ते ६० डेसिबलपर्यंत वाढवतात. या हालचालीतून कानाबाहेरही क्षीण आवाज येतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं. तुमची 'ओएई' चाचणी त्यावरच आधारलेली आहे. तिच्यात १००० आणि १५०० ला प्रतिसाद आहे, ३००० च्या वर नाही. म्हणजे खालच्या आणि मधल्या स्वरांच्या बाह्य पेशी काम करतायत, वरच्या स्वरांच्या बहुतेक थांबल्यात. शांत खोलीत शब्द ओळखण्याचे गुण ९२ टक्के आहेत, त्यावरून आंतर पेशी आणि तंतू बऱ्याच अंशी शाबूत असावेत. 'हेअर सेल्स गेल्यात' या तीन शब्दांत यातलं काहीच येत नाही. किती गेल्या, कुठल्या गेल्या आणि कुठल्या उरल्या, हे तपासणाऱ्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

खड्डा ४००० लाच का पडतो? कानाची बाहेरची नळी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवून आत पाठवते, आणि मोठ्या आवाजाची इजा त्या स्वराच्या अर्धा सप्तक वर सर्वांत जास्त होते. शिवाय उंच स्वरांचा, म्हणजे कॉक्लियाच्या तोंडाजवळचा भाग मुळातच नाजूक. आवाजाने पेशीत तयार होणारे घातक रेणू निष्प्रभ करायची ताकद तिथल्या पेशींत कमी असते. आवाज थांबल्यावरही ही आतली पडझड काही दिवस चालू राहते. म्हणून 'शनिवारी खूप काम केलं, रविवारी कान मोकळा झाला, सोमवारी पुन्हा' हे चक्र वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. ताणून तुटलेले धागे एक-दोन दिवसांत पुन्हा जुळू शकतात, वाकलेले रोमही काही प्रमाणात सावरतात. पण पेशी मेली की शेजारच्या आधारपेशी पसरून ती जागा कायमची बुजवून टाकतात.

आणखी एक गोष्ट आलेखात दिसत नाही. एका आंतर पेशीला साधारण १० ते २० तंतू जोडलेले असतात. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ण सावरली, पेशीही जिवंत राहिल्या, तरी जोडण्या कायमच्या तुटल्या. माणसात हे नेमकं किती होतं यावर अजून वाद आहे. पण शांततेत ९२ टक्के आणि चार माणसांत गोंधळ, अशी तक्रार असेल तर गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी वेगळी मागा. साधा ऑडिओग्राम, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला हा आलेख, तिची जागा घेऊ शकत नाही.

घरातल्या चिडचिडीचं कारणही इथेच आहे. मराठीत आ, ओ, ए हे स्वर खालच्या पट्टीत वाजतात, ते तुम्हाला व्यवस्थित ऐकू येतात. 'स' मात्र ४००० हर्ट्झच्या वर सळसळतो, 'श' त्याच्या थोडा खाली, आणि त, ट, फ, थ यांच्या कडाही वरच्याच पट्टीत. साध्या गप्पांतला 'स' साधारण २० ते ३० डेसिबलवर असतो, तुम्हाला तिथे ५० ते ६५ लागतात. मग 'साठ' सांगितलं की कानावर 'आठ' पडतं. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात 'स' आणखी वर जातो, म्हणून तुमची तक्रार बायको-मुलीबद्दल आहे, वर्कशॉपमधल्या माणसांबद्दल नाही. 'मोठ्याने बोला' म्हटल्यावर त्या जोर लावतात तो स्वरांवर, आणि स्वर तर तुम्हाला आधीच नीट ऐकू येत होते. म्हणून ते ओरडणं वाटतं, व्यंजनं मात्र तरीही निसटतात. त्यात बाह्य पेशी गेल्यावर हळू आवाज ऐकू येत नाही, पण सहन न होणाऱ्या आवाजाची हद्द पूर्वीच्याच जागी राहते. ४००० ला तुमचं ऐकणं सुरूच ६० ला होतं आणि कानाला बोचणं १०० च्या आसपास, मधे फक्त ४० डेसिबलची जागा. घरच्यांना हे वाचून दाखवा. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलू नये, समोर येऊन, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोलावं. जोर लावायची गरज नाही.

मेहुण्यांच्या इंजेक्शनबद्दल. माणसात या पेशी जन्माआधीच तयार होतात आणि नंतर नव्या येत नाहीत. पक्ष्यांत येतात. तिथे आधारपेशी विभागून किंवा रूप बदलून नवी केशपेशी बनवतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस कळलं आणि तेव्हापासून हेच सस्तन प्राण्यांत घडवायचा प्रयत्न चाललाय. एफएक्स-३२२ नावाचं औषध पडद्यातून टोचून आधारपेशी जाग्या करायचा असाच एक प्रयोग होता. २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत शब्द समजण्यात, तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय औषधापेक्षा फरक दिसला नाही आणि ते काम थांबलं. २०२४ मध्ये जनुकोपचाराने काही बहिऱ्या मुलांना ऐकू येऊ लागल्याची बातमी कदाचित मेहुण्यांनी वाचली असेल. ती खरी आहे. पण त्या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, ओटोफर्लिन हे प्रथिन नसल्याने त्या तंतूला निरोप देऊ शकत नव्हत्या. नसलेलं प्रथिन पुरवणं आणि नसलेली पेशी उगवणं, यात फार अंतर आहे. तुमच्यासारख्या इजेवर मान्यता असलेलं स्टेम सेलचं इंजेक्शन आज नाही. कुणी ते विकत असेल तर तिथे पैसे घालू नका. मॅग्नेशियम, जीवनसत्त्वं, 'कानाचं टॉनिक' यांनी मेलेली पेशी परत येत नाही.

श्रवणयंत्राने उरलेलं ऐकणं जातं, हे नीट बसवलेल्या यंत्राबाबत खरं नाही. पेशी आळशी होत नाहीत. उलट तंतूंना आणि मेंदूला त्या पट्टीतला आवाज वर्षानुवर्षं मिळालाच नाही तर व्यंजनं ओळखायची सवय मोडते, आणि मग यंत्र लावूनही ती परत लागायला वेळ जातो. धोका असतो तो सगळेच आवाज सरसकट मोठे करणाऱ्या, तपासणीशिवाय मिळणाऱ्या साध्या आवाज-वर्धकांचा.

दुसऱ्या तपासणीतही आकडे असेच राहिले तर तुम्हाला कानामागचं, बारीक तारेने कानात स्पीकर नेणारं यंत्र लागेल, आणि त्याचं टोक भोकं असलेलं, उघडं हवं. तुमचा खालचा आवाज निरोगी आहे. बंद टोक घातलं की तो अडतो आणि स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. पहिल्याच आठवड्यात यंत्र कपाटात जाण्याचं हे नेहमीचं कारण. ६० ची तूट म्हणून ६० डेसिबलची वाढ द्यायची नसते. हळू बोलण्याला साधारण निम्म्याच्या आतबाहेर, मोठ्या आवाजाला त्याहून बरीच कमी. मघाशी सांगितलेल्या ४० डेसिबलच्या जागेत सगळं बसवायचं असतं ना. ही वाढ खरोखर पडद्यापाशी पोचतेय का, हे कानात बारीक नळी घालून मोजता येतं. त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते करत नसतील तर दुसरीकडे जा, इतकं ते महत्त्वाचं आहे. फक्त कॉम्प्युटरवरच्या अंदाजाने लावलेलं यंत्र नेमकं ३००० ते ६००० मध्येच कमी पडतं. पहिले काही आठवडे कागदाची सळसळ, नळाचं पाणी, चमच्यांचा आवाज बोचेल. बोचला म्हणून यंत्र काढून ठेवू नका. रोज काही तासांपासून सुरू करून जागेपणीचा बहुतेक वेळ घालायची सवय करा, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जुळवून घ्या. ४००० ला कितीही वाढ दिली तरी नुसता खरखरीत, स्वर न कळणारा आवाज येत असेल तर तिथल्या आंतर पेशीही संपल्या आहेत का हे बघायला 'टेन' चाचणी करतात. ६० डेसिबलला ती शक्यता कमी, ७० च्या पुढे वाढते.

एवढं सगळं करूनही वर्कशॉप आहे तसंच राहिलं तर खड्डा २००० कडे सरकेल, आणि २००० गेल्यावर यंत्रही तितकंसं साथ देत नाही. आज तुमच्याकडे २००० पर्यंतचं ऐकणं शाबूत आहे. ते तसंच राहील की नाही, हे वर्कशॉपवर ठरणार.

आधी मोजा. फोनवरचं मीटर अंदाजापुरतं चालतं, दोन-चार डेसिबलची चूक धरा. मशीन चालवणाऱ्याच्या कानापाशी धरून प्रत्येक मशीन वेगळं मोजा, लाकूड कापत असताना, नुसतं फिरत असताना नाही. साध्या परीक्षेसाठी, हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल तर ८५ ओलांडलंय. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला फक्त १५ मिनिटं. तुमचं रंधा मशीन १०२ दाखवत असेल तर दहा मिनिटांच्या आत दिवसाचा कोटा संपला.

कापसाचा बोळा आजच फेका. त्याने उंच स्वर थोडे मऊ वाटतात, म्हणून काही तरी केल्याचं समाधान मिळतं, संरक्षण जवळजवळ नाही. फोमचे इअरप्लग घ्या आणि ते घालायला शिका, कारण निम्मे लोक ते चुकीचे घालतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. हात स्वच्छ करा. प्लग तीन बोटांत फिरवत सुरकुती न पडता बारीक वळा, दाबून चपटा करू नका. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. न धरता सोडला तर तो फुगता फुगता बाहेर येतो. बसलाय का बघायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून सोडा. दाबल्यावर आवाज फार कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. समोरून बघणाऱ्याला प्लगचं बूड बरंच बाहेर दिसत असेल तरी तेच.

पाकिटावर ३२ डेसिबल लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतलं. तो आकडा एनआरआर, म्हणजे आवाज किती घटतो याचं मानांकन, असेल तर ७ वजा करून निम्मं करा. १२.५ येतं. १०२ चे ८९.५ झाले, म्हणजे तीन तासांच्या आत. रंध्यावर त्याहून जास्त वेळ काम असेल तर प्लगवर कानटोप, म्हणजे पूर्ण कान झाकणारे इअरमफ, चढवा. दोन्हींची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबल आणखी मिळतात, पण तेवढ्याने ८४.५ ला येता. चष्म्याची काडी कानटोपाच्या गादीखालून जाते तिथे फट पडते, तेव्हा बारीक काडीचा सेफ्टी चष्मा घ्या. आणि गोंगाटात प्लग काढू नका. ३० डेसिबलचं अगदी निर्दोष संरक्षण ८ तासांत फक्त अर्धा तास काढलं, तरी दिवसभराचं संरक्षण ३० वरून १२ डेसिबलवर येतं. फोन घ्यायचा तर बाहेर जाऊन.

कारागीर म्हणतील, मशीनचा सूर ऐकू आला नाही तर लाकूड अडकलेलं कळत नाही. हरकत रास्त आहे. त्यांच्यासाठी हळू आवाज आत सोडणारे आणि मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक कानटोप मिळतात. श्रवणयंत्र बंद करून कानात ठेवणं म्हणजे इअरप्लग नव्हे, ही गल्लत पुढे करू नका.

उगमापाशीच आवाज कमी करता आला तर आणखी चांगलं. बोथट पातं जास्त ओरडतं, लवकर धार लावा. अंगात बारीक खाचा असलेली पाती कमी थरथरतात. रंध्याला सरळ सुऱ्यांऐवजी पेचदार कटर-हेड बसवलं तर फरक कानाला स्वतःला जाणवतो. भुशाचा पंखा आणि कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे न्या. हवेच्या पाइपने भुसा उडवायची सवय असेल तर कमी आवाजाचं नोझल लावा, ती फुत्कारणारी हवा कटरपेक्षा फार मागे नसते. काम नसताना मशीन बंद.

फवारणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रातलं ते वाक्य आम्हाला जास्त खटकलं. थिनर आणि पॉलिशमधलं टोल्युइन, झायलीन यांसारखे द्रावक स्वतःच केशपेशींना अपायकारक असतात, आणि मोठ्या आवाजासोबत आले तर दोन्हींचं नुकसान एकमेकांना वाढवतं. बाह्य पेशींवरचा हा परिणाम प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसला आहे. मशीन चालू असताना फवारणी करायची नाही. वेगळी, हवा बाहेर फेकणारा पंखा असलेली जागा, आणि सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मुखवटा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

रात्रीच्या 'कुंई'चं थोडक्यात. खालून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि तो आवाज ऐकू येऊ लागतो, बहुधा हरवलेल्या स्वरांच्याच पट्टीत. पूर्ण शांततेत तो मोठा वाटतो. झोपताना पंखा किंवा पावसासारखा एकसुरी आवाज, कुंईपेक्षा किंचित खाली ठेवून लावा, ती पूर्ण झाकू नका. बऱ्याच जणांना दिवसभर श्रवणयंत्र घातल्यानेही बरं वाटतं. त्रास झोपेवर आणि मनावर जाऊ लागला तर संज्ञानात्मक वर्तन उपचाराने (सीबीटी, बोलण्यातून होणारा मानसोपचार) सहन करणं खरोखर सोपं होतं. कुंई घालवणारी गोळी मात्र नाही. कुंई एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

पुढे कधी जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन, किंवा कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन, अशी कानाला अपाय करू शकणारी औषधं द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की केशपेशींची इजा आहे. पर्याय असेल तर ते बदलतील, नसेल तर ऐकण्यावर लक्ष ठेवून देतील. चालू असलेलं कुठलंही औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

नव्या तपासणीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वर्षी, पुन्हा १४ तास शांत राहून, तीच तपासणी करा. बघायचं ते २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी. आजच्या कागदावर ती उजवीकडे ४३ आणि डावीकडे ४८ आहे. नव्या रिपोर्टमधून हे आकडे पुन्हा काढा. त्यापासून कुठल्याही कानात १० डेसिबलची घसरण झाली तर संरक्षण अपुरं पडतंय, आणि मग वर्षभर थांबायचं नाही.

एक प्रसंग मात्र वर्षाच्या तपासणीसाठी राखून ठेवायचा नाही. एखाद्या सकाळी एक कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला तर लोक मळ समजून तेल घालतात आणि आठवडा घालवतात. तोंड मिटून गुणगुणून बघा. आवाज बंद कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाला इजा झाल्याची शक्यता आहे. ही घरची परीक्षा चुकू शकते, तेव्हा निकाल काहीही आला तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि ऑडिओग्राम करा. अशा अचानक बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो, आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.